एकच आकडे, निराळं काम: सॉफ्टवेअरसोबत आलेले कॉम्प्रेसर पारखायचे कसे

माझी पहिली तुलना साफ फसली होती. जुनं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर सोडून नव्यावर जायचं की नाही हे ठरवायचं होतं, म्हणून मावशीच्या आवाजातली एक ओवी दोन्हीकडे टाकली आणि दोन्हीकडच्या कॉम्प्रेसरवर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनावर, डोळे झाकून सारखेच आकडे लावले. नव्याकडे मावशी अगदी पुढ्यात येऊन बसल्यासारखी वाटली. भरदार, जवळची. मी पैसे भरून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी प्लगइनच्या (सॉफ्टवेअरात बसणाऱ्या त्या कॉम्प्रेसरच्या) कोपऱ्यातलं एक बारीक बटण दिसलं: ऑटो मेकअप. ते पहिल्यापासून चालू होतं आणि आवाज साडेतीन डीबीने (डेसिबलने) वर ढकलत होतं. बंद केलं, तशी मावशी परत आपल्या जुन्या जागी जाऊन बसली.

त्या फसगतीत चुका दोन होत्या. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, ही एक. याबद्दल नवख्याला कोणी ना कोणी सावध करतंच. दुसरी जास्त चिवट. सारखे आकडे लावले म्हणजे सारखं काम होणार, असं मी धरून चाललो होतो. कॉम्प्रेसरच्या बाबतीत तसं नसतं. एका प्लगइनचे १० मिलिसेकंद दुसऱ्याच्या १० मिलिसेकंदांइतके असतीलच असं नाही, आणि यात कोणी खोटं बोलत नसतं; मोजण्याची रीतच वेगळी असते. म्हणून तुलना करायची तर आधी समोरच्या प्लगइनची रीत कळायला हवी. ती एका दुपारी कळते, आणि त्यासाठी विकतचं काही लागत नाही.

आधी थोडा हिशेब

लग्नाच्या हॉलमधला साउंडवाला डोळ्यांपुढे आणा. फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीवर, बोट ठेवून बसलाय. कॉम्प्रेसर हेच काम करतो. बोलणारा ओरडला की फेडर खाली, शांत झाला की परत वर. केवढ्या आवाजाला बोट हलवायचं, तो थ्रेशोल्ड. किती ओढायचं, तो रेशो. बोट किती चटकन खाली जातं तो अटॅक, किती निवांत परत येतं तो रिलीज. आवाज थ्रेशोल्डला टेकल्यावरच तो एकदम झटका देतो, की जरा आधीपासून हलक्या हाताने ओढायला लागतो, ते ठरवते नी. या सगळ्यात एकूण आवाज खाली आलेला असतो. तो पुन्हा वर आणायचा तो मेकअप गेन.

आता आकडे घेऊ. (डिजिटल आवाजात ० डीबी ही कमाल पातळी, म्हणून बाकी आकडे उणे.) थ्रेशोल्ड −२०, रेशो ४:१, आत येणारा आवाज −८ डीबी. म्हणजे थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर. ४:१ याचा अर्थ वरच्या दर ४ डीबींमागे १च बाहेर सोडायचा, म्हणून १२चे ३ उरले. बाहेर येणारा आवाज −१७. आत −८, बाहेर −१७, मधले ९ डीबी कॉम्प्रेसरने खाल्ले. या खाल्लेल्या भागाला गेन रिडक्शन म्हणतात, आणि प्लगइनमधली सुई किंवा लाल-नारिंगी पट्टी तेवढंच दाखवत असते. हा ९ लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पायरी १: चाचणीचा सूर बनवा

गाण्यावर थेट तुलना सुरू करू नका. गाण्यात इतकं काही घडत असतं की कान गोंधळतो. आधी एक कोरडा, कंटाळवाणा सूर हवा.

ऑडॅसिटी फुकट मिळतं, ते उघडा. जनरेट मेनूत टोन घ्या. लाट साइन, वारंवारता १००० हर्ट्झ, अँप्लिट्यूड ०.०३, लांबी १ सेकंद. कर्सर त्या तुकड्याच्या शेवटी नेऊन पुन्हा टोन, या वेळी अँप्लिट्यूड ०.४, लांबी १ सेकंद. मग परत ०.०३, दोन सेकंद. ०.४ म्हणजे जवळजवळ बरोबर −८ डीबी, आणि ०.०३ म्हणजे −३०च्या किंचित खाली. सूर हळू सुरू होतो, एकदम मोठा होतो, एकदम परत हळू होतो. मोनोच ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल.

ही फाइल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की प्लगइन न लावता एकदा रेंडर करून, म्हणजे बाहेर पडणारा आवाज नव्या फाइलीत उतरवून, बघा. मधला भाग −८च येतोय ना? मोनो ट्रॅक स्टीरिओत उतरवताना काही सॉफ्टवेअर पॅन लॉ नावाच्या सेटिंगपायी आवाज ३ डीबी खाली आणतात. ते आधी लक्षात आलं नाही तर पुढचा सगळा हिशेब ३ने चुकत राहतो आणि दोष बिचाऱ्या कॉम्प्रेसरवर जातो. मी त्यात एक अख्खा रविवार घालवलाय.

पायरी २: लाटा मोजा

आता कॉम्प्रेसर लावा. थ्रेशोल्ड −२०, रेशो ४:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज १००, नी शून्य किंवा हार्ड, लुकअहेड (येणारा आवाज जरा आधीच बघून ठेवण्याची सोय) शून्य, मेकअप शून्य. ‘ऑटो’ शब्द असलेलं जे जे बटण दिसेल ते बंद. रेंडर करा आणि निघालेली फाइल पुन्हा ऑडॅसिटीत उघडा.

मोठ्या भागाचा शेवटचा, स्थिरावलेला अर्धा सेकंद बघा. −१७ आलं तर प्लगइन लाटेचं शिखर बघून काम करतोय असं धरायला हरकत नाही. पण −१४.७५च्या आसपास आलं, तर? बिघाड नाही. तो प्लगइन शिखर न बघता आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी ताकद, बघतोय. साइन सुरात शिखर आणि आरएमएस यांत ३ डीबीचं अंतर असतं, त्यामुळे आपला −८चा सूर त्याला −११ दिसला. थ्रेशोल्डच्या १२ नाही, ९ डीबी वर. ९चे पाव सव्वादोन, खाल्ले गेले पावणेसात. एकच सूर, एकच सेटिंग, आणि दोन प्लगइनमध्ये सव्वादोन डीबींचा फरक. तबल्यावर तर तो आणखी वाढतो, कारण चाटीवरच्या ‘ना’मध्ये शिखर आणि सरासरी यांतलं अंतर ३ नाही, कितीतरी जास्त असतं. (काही प्लगइन आरएमएसमध्ये ते ३ डीबी परत जोडून घेतात. तेव्हा −१७ आलं म्हणून छातीठोकपणे ‘हा शिखरच बघतो’ म्हणू नका. तबला लावला की कळेल.)

मग खरी गंमत. जिथे सूर हळूचा मोठा होतो तिथे लाट स्पष्ट दिसेपर्यंत झूम करा. पहिल्या काही लाटा जवळपास पूर्ण उंचीच्या असतील, कारण कॉम्प्रेसरचं बोट अजून खाली पोचलेलं नसतं. मग त्या बुटक्या होत जातील. १००० हर्ट्झचा सूर आपण उगाच घेतला नव्हता. यात एक लाट म्हणजे बरोबर १ मिलिसेकंद. लाटा मोजा, मिलिसेकंद मोजले गेले.

कुठे दहाव्या लाटेपाशी उंची जवळपास ठरलेली दिसेल, तर कुठे विसाव्या-बाविसाव्या लाटेपर्यंत घसरण चालूच असेल. दोन्हीकडे नॉबवर लिहिलंय १०. कारण गेन एकदम जागेवर जात नाही, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर रेंगाळत जातो. कुठेतरी ‘पोचला’ म्हणायला रेघ मारावी लागते. कोणी ती ६३ टक्क्यांवर मारतं, कोणी ९० टक्क्यांवर. ६३ टक्क्यांना १० मिलिसेकंद म्हणणाऱ्या प्लगइनला ९० टक्के गाठायला सुमारे २३ लागतात. त्यात आरएमएसची खिडकी असेल तर सरासरी काढायलाही वेळ जातो, म्हणजे आणखी उशीर. रिलीजचंही असंच, शेवटच्या दोन सेकंदांत सूर परत आपल्या उंचीवर कधी येतो ते बघा.

हवं तर एक जास्तीचा प्रयोग करा. १००० ऐवजी ६० हर्ट्झचा सूर घ्या आणि रिलीज १० मिलिसेकंदांवर आणा. ६० हर्ट्झची एक लाट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे लाट पुरी व्हायच्या आतच कॉम्प्रेसर सोडतो, पुन्हा पकडतो, पुन्हा सोडतो, आणि लाटेचा आकारच मोडतो. कानाला ती घरघर लागते. डग्ग्यावर किंवा ढोलकीच्या धुमावर नवखा माणूस रिलीज फार लहान ठेवतो तेव्हा ‘स्पीकर फाटला की काय’ वाटतं ते यामुळे. प्रत्येक प्लगइन इथे सारखा वागत नाही. काही आतल्या आत रिलीज सांभाळून घेतात, आणि तो गुण असा मोजल्याशिवाय कळत नाही.

पायरी ३: आकडे सोडा, सुई जुळवा

एवढं झालं की आकड्यांवरचा विश्वास आपोआप उडतो. आता खरा आवाज घ्या. मी तीन तुकडे कायम जवळ ठेवतो: वीस-तीस सेकंद गाणं, तेवढंच साधं बोलणं आणि तबल्याचा एखादा कायदा. तिन्ही कोरडे, कुठलाही इफेक्ट न लावलेले.

दोन ट्रॅकवर एकच टेक, म्हणजे तेच रेकॉर्डिंग, ठेवा, एकावर एक कॉम्प्रेसर, दुसऱ्यावर दुसरा. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधले असतील तर प्रत्येकातून रेंडर करून दोन्ही फाइली एकाच ठिकाणी आणा. रेशो दोन्हीकडे सारखा ठेवला तरी चालेल, पण थ्रेशोल्ड सारखा ठेवू नका. गाण्यातल्या सर्वांत चढ्या जागेवर दोन्हीकडची सुई ५ डीबी खाली जाईल इतका तो हलवा. एकीकडे −२२ येईल, दुसरीकडे −१८. येऊ दे.

मग आवाज जुळवा, तोही मेकअप गेनने आणि मीटर बघून. शिखराचं मीटर इथे कामाचं नाही, कारण शिखरं कापणं हाच तर कॉम्प्रेसरचा धंदा. एलयूएफएस, म्हणजे कानाला आवाज किती मोठा जाणवतो ते, दाखवणारं मीटर घ्या. लॉजिकमध्ये लाउडनेस मीटर आहे, रीपरमध्ये आहे. तुमच्याकडे नसेल तर यूलीनचं लाउडनेस मीटर फुकट मिळतं. अख्खा तुकडा वाजवून इंटिग्रेटेड आकडा घ्या आणि दोन्हींतला फरक ०.२च्या आत आणा. अर्ध्या डीबीचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, पण ‘चांगला’ म्हणून जाणवतो. माझी मावशी साक्षीला आहे. तिसरा ट्रॅक कॉम्प्रेसर न लावलेल्या मूळ टेकचा ठेवा, त्याच पातळीवर. तो विसरू नका. दोन कॉम्प्रेसरांच्या भांडणात कित्येकदा तोच जिंकतो.

ऐकताना पडद्याकडे पाठ करा. सोलो म्हणजे एकच ट्रॅक ऐकवणारं बटण. घरातल्या कोणालातरी माउस द्या आणि ‘मनाला येईल तसा सोलो बदल, मला सांगू नकोस’ म्हणा. दहा वेळांतून सहा वेळा ओळखलंत तर काही ओळखलं नाहीत, तो योगायोग.

पायरी ४: काय ऐकायचं

‘जास्त ऊबदार’, ‘जास्त पारदर्शक’ असले शब्द तूर्त बाजूला ठेवा. ठरावीक जागा पकडा.

शब्दाचं तोंड. ‘पाटावर ठेव’ म्हणताना प, ट, ठ यांचा जो ठोका असतो तो काही मिलिसेकंदांचाच. अटॅक फार चटकन असेल तर तो ठोकाच दाबला जातो आणि शब्द गुळगुळीत, लांबून आल्यासारखा होतो. अटॅक सैल केला की ठोका निसटतो आणि मागचा स्वर दाबला जातो. शब्द टोकदार होतो. कधी हवासा, कधी डोक्यात जाणारा. तबल्यावर हेच ‘ना’ आणि ‘घे’मध्ये ऐका: चाटीचा टणत्कार शाबूत आहे का, आणि डग्ग्याची मींड मध्येच फुगते का.

शब्दाची शेपटी. ओळ संपते, गायिका श्वास घेते. रिलीज लहान असेल तर तो श्वास आणि त्याच्यामागची खोली झपकन वर येते. मेकअप ६ डीबी दिला असेल तर पंखा, शेजारचा मिक्सर, खालच्या रस्त्यावरची रिक्षा हेही सगळं ६ डीबी वर आलेलं असतं. आपल्याकडच्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये मला हीच कसोटी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. परदेशी शिकवण्यांमध्ये शांत खोली गृहीत धरलेली असते. आपली खोली मेमध्ये पंखा बंद करून दहा मिनिटं टिकते.

आणि लांब सूर. धरलेला षड्ज किंवा पेटीचा भरलेला सूर स्थिर राहतो का, की त्याच्या आत बारीक हेलकावे येतात?

एक तपासणी कानाशिवायही करता येते. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाटेची वरची बाजू खाली, आणि दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता आली तर दोन्ही प्लगइन एकच काम करतायत. कॉम्प्रेसरांमध्ये अशी शांतता क्वचित येते, पण जे उरतं ते ऐकण्यासारखं असतं. नुसते ठोके उरले तर फरक अटॅकचा आहे. कुरकुर उरली तर कोणीतरी विकृती मिसळतंय.

कोणाच्या पेटाऱ्यात काय

प्लगइनांवरच्या नावांना थोडा इतिहास आहे, तो माहीत असला की अर्धं काम सोपं होतं. जिम लॉरेन्स यांच्या टेलेट्रॉनिक्स एलए-२ए या जुन्या कॉम्प्रेसर यंत्रामध्ये एक प्रकाशपट्टी आणि प्रकाश ओळखणारा रोध होता: आवाज वाढला की उजेड वाढतो आणि गेन उतरतो. असा ऑप्टो सोडतानाही दोन टप्प्यांत सोडतो, आधी भरभर, मग निवांत. म्हणून गाण्यावर गोड. बिल पटनम यांचा ११७६ हा कॉम्प्रेसर १९६७चा. त्यात फेट नावाचा ट्रान्झिस्टर, आणि अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. मिलिसेकंद नव्हे, त्याचा सर्वांत संथ अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत. थ्रेशोल्डचा नॉबही नाही, इनपुट वाढवत न्यायचं. डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने आणलेला व्हीसीए (व्होल्टेजने गेन हलवणारं सर्किट) हा तिसरा पंथ, नेमका आणि ठोक्यांवर भक्कम. प्लगइनवर ऑप्टो, फेट, व्हीसीए दिसलं की या तीन घराण्यांपैकी कोणाचा वारसा सांगतायत ते समजावं.

लॉजिक प्रोमध्ये एकाच कॉम्प्रेसरच्या आत सात सर्किटं आहेत. प्लॅटिनम डिजिटल हा साधा, बिनरंगाचा. बाकीच्यांत व्हीसीए तीन, फेट दोन, ऑप्टो एक. नवख्यासाठी याहून चांगली शाळा नाही, कारण तुलना करायला दुसरं काही शोधावंच लागत नाही. फक्त सर्किट बदलताना थ्रेशोल्ड तोच राहिला तरी सुई वेगळी पडते, तेव्हा दर वेळी पायरी ३ परत करा. ऑटो गेन बंद आहे ना ते बघा. शिखर की आरएमएस हा पर्याय फक्त प्लॅटिनमलाच लागू आहे. गॅरेजबँडमध्ये नॉब मोजकेच, रिलीज दिसतच नाही. मोजमाप करायला तो निरुपयोगी आहे, पण गाण्यावर वाईट नाही.

रीपरचा रीकॉम्प दिसायला सरकारी फॉर्मसारखा. नुसत्या पट्ट्या. तरी आकड्यांची ही भानगड शिकायची असेल तर मी तोच सुचवेन, कारण त्याने काहीही लपवलेलं नाही. आरएमएस साइज ही पट्टी शून्यावर आणली की तो शिखर बघतो, वाढवत नेली की सरासरीची खिडकी रुंद होते. पायरी २मधला तो सव्वादोन डीबींचा फरक इथे एकाच प्लगइनमध्ये, डोळ्यांदेखत घडवता येतो. प्री-कॉम्प म्हणजे लुकअहेड. ओल्या-कोरड्या आवाजाच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे थोडा मूळ आवाज मिसळायचा असेल तर दुसरा ट्रॅक करावा लागत नाही. विंडोजवर तो रीप्लग्स या फुकट संचात सुटाही मिळतो, म्हणजे रीपर नसलेल्यांनाही तुलनेत घेता येतो.

एबलटन लाइव्हमध्ये दोन वेगळ्या स्वभावांचे आहेत. साध्या कॉम्प्रेसरमध्ये पीक आणि आरएमएस ही बटणं समोरच, लुकअहेड ०, १ किंवा १० मिलिसेकंद, आणि गेन रिडक्शनची रेघ आवाजावर काढून दाखवणारं दृश्य. ती रेघ बघत रिलीज फिरवा, हजार शब्दांचं काम होतं. ग्लू कॉम्प्रेसर सायटॉमिक या कंपनीसोबत केलेला, जुन्या मोठ्या मिक्सिंग टेबलांवरच्या बस कॉम्प्रेसरच्या वळणाचा. रेशो २, ४, १० एवढेच, अटॅकचेही ठरलेले टप्पे. सगळ्या वाद्यांच्या एकत्र ट्रॅकवर तो लावा, एकट्या बोलण्यावर नको. आकडे अडखळत बदलत असल्याने बाकीच्यांशी नेमकं जुळवता येत नाही, आणि ते बरंच आहे.

क्युबेसच्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये अ‍ॅनालिसिस नावाचा नॉब आहे: ० म्हणजे निव्वळ शिखर, १०० म्हणजे निव्वळ आरएमएस, मधलं मधलं. हा अर्धवट मिश्रणाचा पर्याय मला गाण्यावर आवडतो. लाइव्ह बटण लुकअहेड बंद करतं. गायक हेडफोनवर ऐकत गात असेल तेव्हा ते दाबा, नाहीतर त्याला स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि तो लय सोडून तुमच्याकडे बघत बसतो. त्याच पेटाऱ्यातल्या व्हिंटेज कॉम्प्रेसरला थ्रेशोल्ड नाही, इनपुट आणि आउटपुट आहे. वर वाचलेलं ११७६चं वळण ओळखा.

एफएल स्टुडिओवाल्यांनी फ्रूटी लिमिटर या नावाला बिचकू नये, त्याच्या आत कॉम्प्रेसरचं वेगळं पान आहे आणि आलेखही आहे; साइडचेनही, म्हणजे दुसरा ट्रॅक ऐकून हा दाबणंही, त्यात जमतं. प्रो टूल्ससोबतचा डायनॅमिक्स-३ सरळमार्गी आणि बीएफ-७६ हा ११७६ची नक्कल, दोन्ही टोकं मिळतात. ऑडॅसिटीचा जुना कॉम्प्रेसर मात्र तुलनेला घेऊ नका, त्याचा अटॅक एक दशांश सेकंदाच्या खाली जात नसे. तबल्याचा बोल तोवर वाजून गेलेला असतो. २०२४मध्ये ३.६ आवृत्तीत नवा आला, नी, लुकअहेड आणि आलेखासकट, तो घ्या.

एक शेवटची बाजू: ओळखणारा कान

कॉम्प्रेसरला दोन भाग असतात, आवाज कमी करणारा हात आणि कधी कमी करायचा ते ठरवणारा कान. या कानाला चाळणी लावता येते का, हा माझ्या लेखी सगळ्यांत मोठा फरक, आणि तो मला कळला सोसायटीच्या भजनी मंडळामुळे.

एका खोलीत पखवाज, पेटी, बारा टाळ आणि वीस गळे. समोर स्टीरिओ माइकची एकच जोडी. मिक्सवर कॉम्प्रेसर लावला आणि पखवाजाच्या प्रत्येक ‘धुम’सरशी टाळ आणि गळे दबून परत उसळायला लागले. सगळं भजन बोटीत बसल्यासारखं. चूक माइकची नव्हती. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा धुम एवढा दांडगा असतो की कॉम्प्रेसरचा कान फक्त तोच ऐकतो आणि शिक्षा सगळ्यांना करतो.

रीकॉम्पमध्ये हायपास नावाची, म्हणजे ठरवलेल्या वारंवारतेच्या खालचा आवाज गाळणारी, पट्टी आहे. ती बाहेर पडणाऱ्या आवाजाला हात लावत नाही, फक्त कानाला बसते. १५० हर्ट्झवर नेली, तसा धुम कानाआड झाला आणि हेलकावे थांबले. लॉजिकमध्ये हे साइडचेन फिल्टरमध्ये मिळतं. लाइव्हमध्ये साइडचेनचा भाग उघडून ईक्यू चालू करा, बाहेरून दुसरा ट्रॅक जोडलेला नसला तरी ते चालतं. ऑडॅसिटीत ही सोय नाही, तिथे असं एकत्र रेकॉर्डिंग सांभाळणं अवघड जातं. तुमच्या तुलनेच्या कागदावर एक रकाना यासाठी ठेवाच.

मंडळाच्या मिक्सवर शेवटी राहिलं ते एवढंच: रेशो २:१, अटॅक ३०, रिलीज १५०, सुई जेमतेम ३ डीबी हलणारी, कानाला १५०ची चाळणी. बुवांनी हेडफोन लावून अख्खा अभंग डोळे मिटून ऐकला, हेडफोन काढला आणि विचारलं, “टाळ जरा कमी होतील का?” त्यावर मात्र सात सर्किटांपैकी एकही चालत नाही. पुढच्या वेळी टाळकऱ्यांना चार हात मागे बसवलं.